तिन्हीसांजेला रडणारं बाळ: पहिल्या चार महिन्यांसाठी घरचा मार्गदर्शक

बारसं आटोपलं, पाहुणे आपापल्या घरी गेले आणि नेमकं तेव्हापासून रोज दिवेलागणीला बाळ किंचाळून रडायला लागलं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पोट भरलेलं असतं, लंगोट कोरडा असतो, ताप नसतो. तरी बाळ पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, तोंड लालबुंद करतं आणि तास-दोन तास कुणाच्याच हातात ठरत नाही. घरात जितकी माणसं तितके उपाय निघतात. कुणी म्हणतं वात धरलाय, कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी आईनं काय खाल्लं त्याची चौकशी सुरू करतं.

आमचं थोरलं मूल असंच रडायचं. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या एकत्र घरात त्या संध्याकाळी कशा काढल्या, बालरोगतज्ज्ञांनी आणि आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेनं काय समजावलं, पुढे धाकट्याच्या वेळी त्यातलं काय उपयोगी पडलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. या रडण्यावर जे काही करायचं ते हातांनी करा. बाळाच्या तोंडात दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध यांखेरीज काही जाऊ देऊ नका.

१. हे रडणं कसलं आहे, ते आधी समजून घ्या

डॉक्टर याला कोलिक म्हणतात, आपण पोटशूळ म्हणतो. १९५४ साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची एक व्याख्या मांडली: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडणारं, एरवी निरोगी असलेलं बाळ. आता डॉक्टर तास मोजत बसत नाहीत. बाळ पाच महिन्यांच्या आतलं आहे, कारणाशिवाय वारंवार आणि लांबलचक रडतं, समजूत काढूनही ऐकत नाही, पण वजन नीट वाढतंय आणि आजाराची खूण नाही, एवढं त्यांना पुरतं.

रडणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर हे आठवडे त्याच्या जन्मापासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजा. पाचातल्या एका बाळाला तरी हा त्रास होतो असं ढोबळमानानं सांगतात. अंगावर पिणाऱ्या बाळालाही होतो, वरच्या दुधावरच्या बाळालाही होतो. मुलगा-मुलगी असाही भेद नाही.

नेमकं कारण एकच असं सापडलेलं नाही. आतड्यांची हालचाल अजून सुरळीत झालेली नसते, आतड्यातले जिवाणू वसत असतात, दिवसभराचा उजेड-आवाज पचवण्याची मेंदूची ताकद अपुरी असते. पोटातला गॅस हे बऱ्याचदा कारण नसतं, रडण्याचा परिणाम असतो: बाळ रडताना हवा गिळतं, मग पोट टम्म होतं. म्हणून गॅस काढायच्या औषधांनी फारसा फरक पडत नाही.

दीड महिन्याची लस आणि रडण्याचा कळस एकाच सुमारास येतात. लसीनंतर एक-दोन दिवस बाळ कुरकुरतं, हे खरं. पण आठवडाभर आधीपासून संध्याकाळी रडणाऱ्या बाळाचं रडणं लसीच्या माथी मारून पुढची, अडीच महिन्यांची लस चुकवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. असं करू नका. लसीनंतर ताप आला तर पॅरासिटामॉलची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, ती केंद्रातूनच विचारून घ्या.

२. आजार नाही ना, ते तपासा

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. पहिल्यांदा बाळ असं रडेल तेव्हा ते पोटदुखीनंच रडतंय असं गृहीत धरू नका. दिवा लावा, बाळाचे सगळे कपडे काढा आणि डोक्यापासून पायापर्यंत पाहा.

हातापायाची बोटं एकेक करून सोडवून पाहा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात. त्यातला एखादा केस किंवा मोज्यातला धागा बोटाला गुंडाळला जातो आणि बोट सुजून लाल-निळं होतं. जांघेत फुगवटा दिसतो का पाहा. तो हर्निया असू शकतो, आणि टणक होऊन आत जात नसेल तर लगेच शस्त्रक्रिया लागू शकते. मुलगा असेल तर अंडकोश सुजला आहे का, लाल आहे का, तेही पाहा. डोळा लाल झालाय का, तोंडात दह्यासारखे पांढरे चट्टे आहेत का, लंगोटाखालची कातडी सोलवटली आहे का. पावसाळ्यात आपल्याकडे मुंग्या अंथरुणात शिरतात. दुपटं झटका, काखा आणि मानेच्या वळ्या बघा.

मग ताप मोजा. हात लावून अंदाज करू नका, थर्मामीटर लावा. काखेत ९९.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त आलं तर तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी तो ताप समजायचा आणि त्याच वेळी डॉक्टर गाठायचा. रात्र असली तरी.

याखेरीज पुढचं काहीही दिसलं तर घरी उपाय करत बसू नका:

- उलटी हिरवी आहे. दूध बाहेर आलं तर घाबरू नका, हिरवी उलटी मात्र आतडं अडल्याची खूण असू शकते.
- प्रत्येक वेळी पाजल्यावर दूध फवाऱ्यासारखं लांब उडतं.
- शीमध्ये रक्त किंवा शेंबडासारखा चिकट पदार्थ आहे, पोट दगडासारखं टणक फुगलं आहे.
- टाळू फुगली आहे किंवा आत खोल गेली आहे.
- बाळ दूध घेत नाही, मलूल पडलं आहे, उठवूनही उठत नाही.
- श्वास भराभर चालतो, बरगड्यांच्या मध्ये खळगे पडतात, ओठ निळसर दिसतात.
- रडण्याचा सूर रोजच्यापेक्षा वेगळा, कर्कश किंवा अगदी क्षीण आहे.
- दिवसातून सहापेक्षा कमी लंगोट ओले होतात.
- बाळ पडलं आहे किंवा त्याला मार लागला आहे.

अशा वेळी १०८ ला फोन करा. गोव्यात उत्तरेकडच्यांना म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, दक्षिणेकडच्यांना मडगावचं जिल्हा इस्पितळ, फोंडा-सत्तरीकडच्यांना फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ जवळ पडतं, आणि गंभीर बाळ शेवटी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातच नेतात. आपल्या घरापासून रात्री कुठे जायचं आणि गाडी कोण चालवणार, हे दिवसाउजेडी ठरवून ठेवा.

यातलं काही नसेल, तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. "बाळ ठीक आहे" हे त्यांच्या तोंडून ऐकलं की घरातल्या सगळ्यांच्या हातात धीर येतो, आणि पुढच्या पायऱ्यांना तो धीर लागतो.

३. हाताशी काय ठेवायचं

- डिजिटल थर्मामीटर. पाऱ्याचा नको.
- जुन्या मलमलच्या किंवा सुती साडीची मऊ, धुतलेली चार-सहा दुपटी.
- साधं खोबरेल तेल, वासाचं नको.
- मच्छरदाणी. कॉइल आणि अगरबत्ती बाळाच्या खोलीतून हद्दपार.
- बाळाला सुखरूप ठेवता येईल अशी सपाट, टणक गादीची जागा. उशी, लोड, मऊ रजई, खेळणी त्यात नकोत.
- टॉर्च किंवा इन्व्हर्टरचा दिवा. जून-जुलैत वीज नेमकी संध्याकाळी जाते.
- एक वही आणि पेन.
- एका पिशवीत कागद: इस्पितळातून मिळालेलं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाच्या नोंदी असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड, आईचं आधार कार्ड, असल्यास गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्यविम्याचं) कार्ड, आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून.

ग्राइप वॉटरची बाटली या यादीत नाही. ती का नाही, ते सातव्या पायरीत आहे.

४. चार दिवस वही लिहा

रडणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, त्याआधी कधी पाजलं, शी-शू कधी झाली, काय केल्यावर बाळ गप्प झालं. एवढंच. रडतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण डॉक्टरांकडे नेलं की बाळ हसतं. वहीचा खरा उपयोग घरात होतो. "दिवसभर रडतं" असं वाटणारं रडणं कागदावर सहा ते नऊमध्ये सापडतं, आणि मग त्या वेळेची तयारी करता येते.

५. पाजण्याची पद्धत तपासा

रडण्याचा थोडा भाग इथे सुधारतो, म्हणून यावर वेळ घालवा.

अंगावर पाजताना बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नसावं, भोवतालचा काळा भागही बराचसा असावा. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, पोट आईच्या पोटाला चिकटलेलं. पाजताना चक्-चक् आवाज येत असेल किंवा बोंड दुखत असेल तर पकड चुकते आहे आणि बाळ हवा गिळतं आहे. बाळंतपण जिथे झालं तिथल्या परिचारिकेला प्रत्यक्ष पकड दाखवायला सांगा. हे वाचून शिकण्यापेक्षा कुणी हात धरून शिकवलं तर लवकर जमतं. एका बाजूचं दूध पूर्ण पिऊ द्या, मग दुसरी बाजू.

बाटली असेल तर बाळाला अर्धवट बसतं धरा, बाटली आडवी ठेवा, मधूनमधून थांबा. पावडरचं दूध डब्यावर लिहिलेल्या मापानं बनवा. पातळ करू नका, घट्ट करू नका. आणि दर आठ दिवसांनी डबा बदलू नका.

प्रत्येक वेळी पाजून झालं की खांद्यावर घेऊन किंवा मांडीवर बसवून, हनुवटीला आधार देऊन ढेकर काढा. पाच-दहा मिनिटांत ढेकर आली नाही तर सोडून द्या. सगळ्याच बाळांना दर वेळी येत नाही.

रडलं की छातीशी लावायचं, ही आपली सवय. भूक असेल तर बाळ आधी जिभेनं ओठ चाटतं, मूठ तोंडात घालतं, मान वळवून शोधतं. अर्ध्या तासापूर्वी पोटभर प्यायलेलं बाळ पाय झाडत रडत असेल तर त्याला पुन्हा कोंबून पाजू नका. त्याला नुसतं चोखायचं असेल तर छातीशी धरायला हरकत नाही. चोखणी द्यायची तर पाजणं नीट बसल्यावर, म्हणजे तीन-चार आठवड्यांनंतर द्या, उकळून द्या आणि मधात बुडवून कधीही देऊ नका.

आता आईच्या ताटाविषयी. डाळ, कोबी, वाल, वांगी बंद, मासे बंद, आणि बाळंतीण पेज-तूप आणि सुंठीवर. हे आमच्याकडेही झालं. आईच्या पोटात डाळीनं होणारा गॅस तिच्या आतड्यातच राहतो, तो दुधात उतरत नाही. बाळंतिणीला तर डाळ, भाजी, अंडी, बांगडा, सुंगटं, फळं सगळं हवं असतं. चहा-कॉफी दिवसाला दोन कपांवर आणा, कारण कॅफिन दुधात उतरतं. एखाद्या पदार्थानंतर बाळ दर वेळी जास्त रडतं असं वहीत स्पष्ट दिसलं तर तेवढा पदार्थ आठवडाभर थांबवून पाहा.

एक अपवाद गंभीरपणे घ्या. शीमध्ये रक्ताचे धागे, अंगावर खरखरीत पुरळ, वारंवार उलट्या आणि वजन न वाढणं, असं रडण्याबरोबर असेल तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ बंद करायला सांगतात. हे त्यांच्या सांगण्यावरूनच करा.

६. संध्याकाळचा क्रम बसवा

वहीत रडण्याची वेळ सापडली की त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घर शांत करायला लागा. टीव्ही बंद, मोठा दिवा बंद, भेटायला आलेल्यांना बाहेर सोप्यावर बसवा. दिवसभर या हातातून त्या हातात फिरलेलं बाळ संध्याकाळी थकून कोलमडतं. आमच्याकडे पाहुण्यांना पाच वाजेपर्यंतच बाळ दाखवायचं असं ठरवलं आणि त्या एका नियमानं बराच फरक पडला. काही नातेवाईक रुसले, पण पुढच्या महिन्यात पुन्हा आले.

रडणं सुरू झालं की पुढचे प्रकार एकेक करून करा. प्रत्येकाला पाच ते दहा मिनिटं द्या. दर अर्ध्या मिनिटाला माणूस बदलणं, धरायची तऱ्हा बदलणं, खुळखुळा, टाळ्या, जोरजोरात "अले अले", यानं बाळ आणखी पेटतं.

*उघड्या छातीवर.* बाळाला फक्त लंगोटावर ठेवून आपल्या उघड्या छातीशी उभं धरा, वरून पातळ दुपटं. आई करू शकते, बाबा तर नक्कीच करू शकतात. आईच्या अंगाला दुधाचा वास असल्यानं बाळ तिच्याकडे पिण्यासाठी धडपडतं. बाबांच्या छातीवर ते लवकर ठरतं.

*हातावर पालथं.* बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या: गाल कोपराच्या खळगीत, पोट हाताच्या आडव्या भागावर, पाय दोन्ही बाजूंना आणि तुमचा पंजा त्याच्या मांडीला घट्ट धरून. फांदीवर पहुडलेल्या मांजरासारखं दिसतं. दुसरा हात पाठीवर. नाक-तोंड मोकळं आहे ना, ते पाहत सावकाश येरझाऱ्या घाला. पोटावर येणारा हलका दाब बऱ्याच बाळांना बरा वाटतो. झोप लागली की मात्र गादीवर उताणंच ठेवायचं. पालथं किंवा कुशीवर झोपवणं या वयात धोक्याचं आहे.

*गुंडाळणं.* एकच पातळ सुती दुपटं. हात अंगाशी, छातीवर तुमची दोन बोटं शिरतील इतकं सैल, कमरेखाली पाय बेडकासारखे दुमडता येतील इतकं मोकळं. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. आपल्या दमट हवेत दोन दुपटी, टोपी, मोजे यांची गरज नसते. मानेच्या मागे हात लावून पाहा, घाम असेल तर गुंडाळणं सोडा. घामोळं आलेलं बाळ कसंही धरलं तरी रडणारच. गुंडाळलेलं बाळ नेहमी उताणं ठेवा, आणि ते कुशीवर वळायला धडपडू लागलं की गुंडाळणं कायमचं बंद.

*एकसुरी आवाज.* कानाजवळ लांबलचक "शूऽऽ", पंख्याची घरघर, नळाचं पाणी, कौलांवरचा पाऊस. मोबाइलवर असा आवाज लावायचा तर फोन बाळापासून दोन मीटर दूर आणि आवाज तुमच्या साध्या बोलण्यापेक्षा कमी. पाळण्यात फोन ठेवू नका.

*हलवणं.* छातीशी धरून सावकाश डुलणं, मागे-पुढे येरझाऱ्या. डोक्याला आणि मानेला आधार हवाच. पाळण्याला हलका झोका ठीक, गदागदा नको. साडीच्या झोळीत बाळ डोळ्यांसमोर असताना थोडा वेळ ठेवा, रात्रभर नको, कारण झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. स्कूटरवरून चक्कर मारली की गप्प होतं म्हणून त्याला घेऊन निघू नका. चारचाकीत नेलं तर बाळाच्या सीटमध्ये, मागच्या बाजूला.

*पोटाची मालिश.* ही रडण्याच्या ऐन भरात नको. सकाळी किंवा दुपारी, पाजल्यानंतर पाऊण तासानं करा. तळव्यावर खोबरेल तेल चोळून गरम करा. बाळाच्या उजव्या जांघेकडून वर, बेंबीच्या वरून आडवं, मग डाव्या बाजूनं खाली, समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. मग गुडघे पोटाशी नेऊन क्षणभर धरा, सोडा. मग सायकल चालवल्यासारखे पाय फिरवा. वायू सरला की थांबा. मालिशवाली बाई येत असेल तर जवळ बसा. बाळाला पायाला धरून उलटं लटकवणं, हातपाय ओढणं, नाकात-कानात तेल घालणं आणि बोंडं पिळणं याला ठामपणे नाही म्हणा. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

*संध्याकाळचं पाणी.* सकाळची न्हाणी संध्याकाळी हलवून पाहा. कोपरानं तपासलेलं कोमट पाणी, कमी उजेड, घाई नाही. काही बाळं त्यातच ढेपाळतात.

*दाराबाहेर.* काहीच चालेना तर अंगणात तुळशीभोवती दोन फेऱ्या मारा. हवा बदलते, आवाज बदलतो, धरणाऱ्याचा श्वासही सावकाश होतो. बाळाला पूर्ण बाह्यांचं पातळ झबलं घाला, डास असतात.

कोणत्या बाळाला यातलं काय लागू पडेल ते आधी सांगता येत नाही. काल चाललेलं आज चालेलच असंही नाही. त्यामुळे वहीत खूण करत राहा.

७. तोंडात काय घालू नये

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून नावानिशी लिहिते.

*ग्राइप वॉटर.* इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं ते १८५१ साली बाजारात आणलं. मूळ कृतीत शेपाचं तेल, सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल होतं. आजच्या बाटल्यांत अल्कोहोल नसतं, पण रडणं कमी होतं याचा भक्कम पुरावाही नाही. गोड चव लागली की बाळ क्षणभर गप्प होतं, तेवढंच. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगते. त्यात साधं पाणीही नाही.

*बाळगुटी.* वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, अतिविष उगाळून चाटवायची पद्धत घरोघरी आहे. किती वेढे उगाळले यावर मात्रा ठरते, म्हणजे ती रोज वेगळी. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं, आणि गुंगलेल्या बाळाला आपण शांत झालेलं समजतो. सहाण, मुळ्या, पाणी यांतून जंतूही जातात. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांना दिली, कुणाला काय झालं?" मी वाद घातला नाही. पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर नेलं आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारलं. त्यानंतर पोटाची मालिश त्यांच्याकडे आली, आणि त्यांच्यासारखी मालिश आमच्यापैकी कुणालाच जमली नाही. आजीच्या हातातली सहाण काढून घेताना तिला दुसरं, खरोखर उपयोगाचं काम द्या.

*मध.* एक वर्षापर्यंत थेंबभरही नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे बोटुलिझम नावाचा, स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

*ओव्याचं पाणी, बडीशेपेचा काढा, चक्रीफुलाचं पाणी.* चक्रीफुलात दिसायला तसंच असलेलं विषारी जपानी फूल मिसळलेलं असू शकतं आणि त्यानं बाळांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. ओवा आईनं जेवणात खावा.

*ब्रँडीचं बोट.* कुणी कितीही आपुलकीनं सुचवलं तरी नाही.

*दुकानातून आणलेले पोटदुखीचे थेंब.* बाटलीवर डायसायक्लोमिन लिहिलेलं असेल तर सहा महिन्यांखालच्या बाळाला ते देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. शेजारच्या मुलाची उरलेली बाटली तर नकोच. सिमेथिकोन हे गॅसवरचं औषध निरुपद्रवी मानतात, पण अभ्यासांत त्यानं रडणं कमी झालेलं दिसलेलं नाही. लॅक्टोबॅसिलस र्‍युटेरी या जिवाणूच्या थेंबांनी अंगावर पिणाऱ्या काही बाळांचं रडणं कमी झाल्याचं दिसलं आहे. ते द्यायचे की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. डी जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले असतील तर ते चालू ठेवा, त्यांचा या रडण्याशी संबंध नाही.

शी झाली नाही म्हणून विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी लावणं बंद करा. दीड महिन्यानंतर अंगावर पिणारं बाळ तीन-चार दिवस शी न करणं स्वाभाविक असू शकतं. झालेली शी मऊ असेल तर ते बद्धकोष्ठ नाही.

८. धुरी, शेक, हिंग, दृष्ट

शेगडीची धुरी बाळाला नको, बाळंतिणीलाही बंद खोलीत नको. बाळाची श्वासनळी अरुंद असते. पोटाला शेक द्यायचा तर हाताचे तळवे एकमेकांवर चोळून ठेवा. तव्यावर तापवलेल्या कापडानं भाजलेली कातडी बरी व्हायला वेळ लागतो. बेंबीभोवती हिंगाचा लेप पोटदुखी थांबवतो असं सिद्ध झालेलं नाही. लावायचाच असेल तर नाळ पडून बेंबी पूर्ण सुकल्यावर, अगदी पातळ, आणि कातडी लाल झाली की धुऊन टाका.

दृष्ट काढण्यानं घरातल्या मोठ्यांना समाधान मिळत असेल तर काढू द्या. मीठ-मिरच्या बाळाच्या खोलीत जाळू नयेत, बाहेर चुलीत टाकाव्यात. त्या धुराचा ठसका मोठ्यांनाही सोसत नाही.

९. तरीही थांबलं नाही तर

काही संध्याकाळी काहीही चालत नाही. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, धोक्याची खूण नाही आणि तुमचा जीव मेटाकुटीला आलेला. अशा वेळी बाळाला पाळण्यात किंवा सपाट गादीवर उताणं ठेवा, दार लोटा आणि पाच-दहा मिनिटं बाहेर जा. पाणी प्या, तोंड धुवा, कुणाशी बोला. मग परत येऊन बघा. सुरक्षित जागी ठेवलेल्या बाळाला त्या दहा मिनिटांच्या रडण्यानं इजा होत नाही.

गदागदा हलवलं तर होते. रागात बाळाला दोन-चार वेळा जोरात हलवलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, दृष्टी जाऊ शकते, जीव जाऊ शकतो. बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा. बाबांना, मामांना, दिवसा येणाऱ्या बाईला. हात कापायला लागले की बाळ खाली ठेवायचं, यात कमीपणा नाही.

पाळ्या लावा. सहा ते साडेसात एकानं, साडेसात ते नऊ दुसऱ्यानं. ज्याची पाळी नाही त्यानं दुसऱ्या खोलीत झोपायचं किंवा जेवायचं, दारात उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. नवरा-बायको दोघंच वास्को किंवा पर्वरीसारख्या ठिकाणी फ्लॅटवर राहत असाल तर माहेरून-सासरहून कुणाला तरी पाचव्या ते आठव्या आठवड्यात बोलवा. आपल्याकडे सगळे पहिल्या महिन्यात येतात आणि खरी गरज असते तेव्हा घर रिकामं असतं. थकून सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला घेऊन झोपू नका. डोळे मिटायला लागले की बाळ त्याच्या गादीवर.

आई सतत रडत असेल, झोप मिळूनही झोपत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, आणि हे बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल तर तो थकवा म्हणून सोडू नका. प्रसूतीनंतरचं नैराश्य हा उपचार असलेला आजार आहे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या नंबरवर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार मनात आला तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला सांगा आणि इस्पितळात जा.

१०. रडणं ओसरू लागलं की

तिसऱ्या महिन्यात कधीतरी वहीत एखादी संध्याकाळ कोरी जाते. मग पुन्हा दोन दिवस रडणं, मग दोन कोऱ्या. ते असंच तुटक तुटक कमी होतं, एका रात्रीत बंद होत नाही. पुन्हा रडलं म्हणून नवीन औषध सुरू करू नका. गुंडाळणं सोडा, आवाज हळूहळू कमी करा, हातात झोपलेल्या बाळाला अर्धवट जागं असताना गादीवर ठेवायची सवय लावा. जागेपणी, तुम्ही समोर असताना, रोज थोडा वेळ पालथं घाला, त्यानं मान आणि खांदे बळकट होतात.

साडेतीन महिन्यांच्या लसीला जाल तेव्हा वही बरोबर न्या आणि वजन कार्डावर लिहून घ्या. तोवर रडणं कमी व्हायला लागलं नसेल, वाढत असेल किंवा वजनाची रेघ खाली वळली असेल, तर ते कोलिक म्हणून सोडून न देता बालरोगतज्ज्ञांना पुन्हा पहिल्यापासून तपासायला सांगा.